कटिशूल, विद्युत्प्रवाह आणि आपली कसोटी

तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या कटिशूलात मेंदूच्या वेदनाग्रहणाचाही वाटा असतो. म्हणून फिजिओथेरपीला मस्तकावरील सौम्य विद्युत्प्रवाहाची जोड देण्याचा विचार पुढे आला. तो आम्हांस त्याज्य वाटत नाही. तथापि, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील १३५ रुग्णांच्या चाचणीत २ मिलिअँपिअर प्रवाह पाच दिवस रोज २० मिनिटे देऊनही दिखाऊ प्रवाहाहून अधिक लाभ आढळला नाही. तेथे जोड मानसोपचाराची होती, हे खरे. तरी वैद्यांनी व औषधविक्रेत्यांनी अशा यंत्रांची भलामण करण्याची घाई करू नये.

मात्र पुराव्याची कसोटी आपल्या कटिबस्तीलाही लागू आहे. उपचारापूर्वीची व नंतरची वेदना आणि हालचाल यांची नोंद ही तिची पहिली पायरी होय. तीही नसेल, तर इतरांकडे पुरावा मागण्याचा अधिकार आम्हांस कसा पोहोचेल?