दुकानचा कॅमेरा घरून पाहताना

मैत्रिणींनो, शेवगावहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. यजमानांचं खते-बियाण्यांचं दुकान, मागं छोटं ऑफिस. सासूबाई अंथरुणाला खिळल्यामुळं हिला आता दुपारी दुकानी जाता येत नाही. म्हणून तिथले कॅमेरे मोबाइलवर दिसावेत, एवढीच इच्छा. कॅमेरे बसवणारा मुलगा म्हणतो, "राउटरचं पोर्ट उघडावं लागेल. ते तुम्हांला जमायचं नाही."

न जमायला काय झालं? पण उघडायचं म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ या. जुना वाडा डोळ्यांपुढं आणा. रस्त्याला एकच दिंडी दरवाजा, आत पाच-सहा बिऱ्हाडं. राउटर म्हणजे हा दरवाजा. आतलं माणूस बाहेर जाऊन आलं तर त्याला तो ओळखतो. पण बाहेरून आपणहून आलेल्याला आत सोडत नाही. "अमुक क्रमांक सांगत कुणी आलं, तर त्याला कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरकडं धाड" असं त्याला बजावून ठेवणं, याचंच नाव पोर्ट फॉरवर्डिंग.

ऑफिसच्या वायफायवर असताना मोबाइलच्या ब्राउझरमध्ये राउटरच्या पाठीवरच्या चिठ्ठीवरचा पत्ता इंग्रजी आकड्यांत घाला. बहुधा तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. नाव आणि पासवर्डही तिथंच छापलेला सापडेल. आत गेल्याबरोबर तो पासवर्ड बदला. मग रेकॉर्डरचा आतला पत्ता कायमचा नेमून द्या, नाहीतर वीज जाऊन आली की तो बदलण्याची शक्यता, आणि शेवगावात वीज जाणं काही नवं नाही! त्यानंतर 'पोर्ट फॉरवर्डिंग' किंवा 'व्हर्च्युअल सर्व्हर' या पानावर तो पत्ता आणि रेकॉर्डरच्या पुस्तिकेतला पोर्टचा क्रमांक भरायचा. पाहायचं मात्र घरून, ऑफिसच्या वायफायवरून नव्हे.

सगळं नीट भरूनही दिसलं नाही, तर स्वतःला दोष देऊ नका. इंटरनेट कंपन्या पुष्कळदा अनेक गिऱ्हाइकांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात. तिथं हा उपाय चालत नाही. कंपनीकडून पैसे भरून 'स्टॅटिक आयपी' घ्यावा लागतो.

हे सारं सांगितलं खरं, पण माझं मत विचाराल तर दार उघडूच नका. दार उघडलं की ते तुमच्याचपुरतं उघडत नाही. २०१६ साली 'मिराई' नावाच्या प्रोग्रॅमनं जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते मूळचे पासवर्ड कुणी बदलले नव्हते म्हणून. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातली, तपासणीच्या वेळची बायकांची चित्रं बाहेर विकली गेल्याचं उघडकीस आलं. पकडलेल्यांत आपल्या लातूर-सांगलीकडचेही तरुण होते.

म्हणूनच पत्रातल्या एका ओळीपाशी मी थांबले. ही भगिनी सहज लिहून जाते, "मागच्या खोलीत कामाच्या बायका जेवतात, पडतात, तिथंही एक कॅमेरा आहे." अहो, तो आधी काढून टाका! गल्ला आणि गोदाम दिसलं की पुरे.

राहिलेल्या कॅमेऱ्यांसाठी रेकॉर्डरच्या कंपनीचं ॲप मिळतं का पाहा. बहुतेकांचं असतं, आणि त्याला पोर्ट उघडावं लागत नाही. रेकॉर्डरचा पासवर्ड मात्र तुम्ही स्वतः ठेवा, राउटरचा नको. त्या मुलानं आधीच काही पोर्ट उघडून ठेवलं असेल, तर ते वरच्याच पानावर दिसेल. नको असलेली ओळ पुसून टाका. 'यूपीएनपी' नावाची सोय चालू असली तर तीही बंद करा, कारण ती आतल्या यंत्रांना न विचारता दार उघडू देते. दोन्ही पासवर्ड वाण्याच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवा. मुलगा देत नसेल, तर त्याचं उरलेलं बिल थांबवा. लगेच देतो!

पुढच्या खेपेला इन्व्हर्टरच्या बॅटरीतल्या पाण्याविषयी आलेली पत्रं घेईन.