गाडी चमकवताय? आधी पॅड बघा!

रविवारची सकाळ. सोसायटीचं पार्किंग. हातात सेलमध्ये घेतलेला कोरा करकरीत पॉलिशर आणि समोर बाबांची २०१२ची सँट्रो. मावसबहिणीचं लग्न आठवड्यावर आलेलं आणि ‘नवरी आमच्याच गाडीतून हॉलवर जाणार’ असं बाबांनी परस्पर जाहीर करून टाकलेलं. मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना? दोन तासांत आरसा करून देते!

दोन तासांनी बॉनेटच्या कडेला एक सुबक चंद्रकोर उमटली होती. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअरकोट, तिथून चक्क गायब! मशीन ठणठणीत होतं, पॉलिशही चांगलं होतं. घोळ झाला होता मधल्या दोन वस्तूंचा. बॅकिंग प्लेट आणि पॅड.

आपण पॉलिशर घेतो तोही मोबाइल घेतल्यासारखा. वॉट किती, स्पीड किती, रिव्ह्यू काय म्हणतात? पण गाडीला मशीन कुठे लागतं? लागतो तो फोमचा पॅड, आणि त्याला धरून ठेवते ती मागची वेल्क्रोवाली तबकडी. माझ्या मशीनसोबत पाच इंची प्लेट आली होती. मी इमानदारीत पाच इंची पॅड घेतले. पाचाला पाच, हिशेब चोख! पण पॅड घाईत जरासा तिरका चिकटला आणि प्लेटची कडक कड एका बाजूने बाहेर डोकावली. फिरती कड रंगाला लागली की पुढे काय होतं, ते आमच्या बॉनेटवर बघायला मिळेल.

तेव्हा नियम नंबर एक : पॅड प्लेटपेक्षा मोठाच हवा. पाच इंची प्लेटला साडेपाच ते सहा इंची पॅड, तीन इंचीला साडेतीन ते चार. सगळीकडून फोमची गादी थोडी बाहेर दिसली पाहिजे. छोटी जोडी बंपर, आरसे आणि खांबांसाठी, मोठी बॉनेट आणि छतासाठी.

दुसरी गोष्ट आट्यांची. नुसत्या गोल फिरणाऱ्या रोटरी मशीनला बहुतेक वेळा एम-१४ आटे असतात, तर चार इंची ग्राइंडरला एम-१०. गोल फिरता फिरता डोलणाऱ्या ड्युअल ॲक्शन, म्हणजे डीए मशीनचा मामला वेगळाच. त्यामुळे प्लेट घ्यायला जाताना जुनी प्लेट पर्समध्ये टाका आणि थेट काउंटरवर ठेवा. डीएमध्ये आणखी एक गोम आहे. त्याचा तोल मूळ प्लेटच्या वजनावर बेतलेला असतो. भलतीच जड किंवा हलकी प्लेट लावली तर मशीन हातात थरथरायला लागतं. शक्यतो कंपनीने सांगितलेलीच घ्या.

आता पॅड. ढोबळमानाने तीन जाती : ओरखडे काढणारा कडक कटिंग पॅड, मधला पॉलिशिंगचा आणि शेवटचा हात फिरवणारा मऊ फिनिशिंग पॅड. लोकर आणि मायक्रोफायबरचे पॅड आणखी जोरात कापतात, पण पहिल्याच रविवारी त्यांच्या वाटेला जाऊ नका. आणि रंगावर तर मुळीच विसंबू नका! लेक कंट्रीचा पिवळा फोम कटिंगचा, मेग्वायर्सचा पिवळा पॉलिशिंगचा. साडीसारखं रंग बघून उचललंत तर फसाल. पाठीमागचं लेबल वाचा.

एवढी काळजी कशाला? क्लिअरकोट असतो साधारण ४०-५० मायक्रॉनचा. आपला केस त्याहून जाड भरेल! प्रत्येक पॉलिश त्यातलं थोडं थोडं खातं. आपल्या सीएलसारखं आहे ते. जपून वापरा, संपली की संपली. म्हणून सुरुवात मऊ पॅडने, दीड फुटाच्या चौकोनात. ओरखडे गेले? मग थांबा. नाही गेले, तरच कडक पॅड. गाडी आधी स्वच्छ धुतलेली हवी, सावलीत हवी आणि कडांवर मास्किंग टेप हवी.

डीए असेल तर प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ मारा. रेघ फिरताना दिसते ना? छान. फिरायची थांबली, तर तुम्ही जास्त दाबताय. दर भागानंतर पॅड ब्रशने झाडा. भिजून चिप्प झालेला पॅड तापतो आणि मग वेल्क्रोही सुटतं. एका गाडीला प्रत्येक जातीचे निदान दोन-तीन पॅड हाताशी असू द्या.

आणि हो, ते गोल गोल ओरखडे आले कुठून? रोज सकाळी धुळीवरून फिरणाऱ्या कोरड्या फडक्यातून. पुसणाऱ्या दादांना बोल लावू नका, वर्षभर तेच एक फडकं त्यांना आपणच दिलेलं असतं. दोन मायक्रोफायबरची फडकी आणून द्या आणि आधी पाणी मारायला सांगा. पॉलिशची वेळच कमी येईल.

चंद्रकोरीचं काय झालं? लग्नाच्या दिवशी तिच्यावर झेंडूची माळ आली. बाबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. संध्याकाळी हॉलबाहेर पाच-सहा सारख्याच गाड्या उभ्या होत्या. माळ बाजूला करून बाबा म्हणाले, ‘‘ही बघ आपली. आता नंबर बघायला नको.’’

दुसऱ्या दिवशी मी जाऊन सहा इंची पॅड आणले. पण मशीनची पिशवी बाबांनी माळ्यावर ठेवली आहे. शिडी मागायची हिंमत अजून झालेली नाही!