मालदीव नको म्हणताना...

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची लक्षद्वीपच्या किनाऱ्यावरील छायाचित्रे प्रसिद्ध झाली आणि सुटीत कोणत्या बेटावर जायचे, हा घरगुती प्रश्न एकाएकी राष्ट्रीय बनला. मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी त्यावर अश्लाघ्य शेरेबाजी केली. तेथील सरकारने त्यांना निलंबित केले खरे, पण तोवर आपल्याकडे बहिष्काराची हाक दुमदुमली होती. एका प्रवास संकेतस्थळाने तर मालदीवच्या विमानांचे आरक्षणच थांबवले. लक्षद्वीप नकाशावर नेमके कुठे आहे हे ज्यांनी कधी पाहिले नव्हते, तेही 'मालदीव कशाला, आपले लक्षद्वीप आहे की' असे सुनावू लागले.

बहिष्काराचा परिणाम झाला, हे नाकारता येणार नाही. २०२३ मध्ये मालदीवला भेट देणाऱ्या परदेशी पर्यटकांत भारतीय पहिल्या क्रमांकावर होते. त्यांची संख्या दोन लाखांहून अधिक होती. २०२४ मध्ये ती एक लाख तीस हजारांच्या आसपास आली. मात्र त्याच वर्षी मालदीवच्या एकूण पर्यटकांनी वीस लाखांचा टप्पा ओलांडला. पुढे राजकारणही निवळले. 'इंडिया आउट'ची घोषणा देत निवडून आलेले अध्यक्ष मोहम्मद मुइझ्झू ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत आले, तर जुलै २०२५ मध्ये मालदीवच्या स्वातंत्र्यदिन सोहळ्याला मोदीच प्रमुख पाहुणे होते. सरकारांचा रुसवा मिटला. प्रवाशांच्या मनात मात्र तुलना कायम राहिली आहे.

या तुलनेतच खरी गफलत आहे. मालदीवकडे पाठ फिरवणाऱ्या भारतीयांची संख्या ऐंशी हजारांच्या जवळपास भरते. लक्षद्वीपची संपूर्ण लोकसंख्या, २०११ च्या जनगणनेनुसार, ६४ हजार ४७३ आहे! छत्तीस बेटांपैकी वस्ती अवघ्या दहांवर आणि सर्व बेटांचे मिळून क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. अगत्तीची धावपट्टी जेमतेम बाराशे मीटरची, त्यामुळे तेथे छोटी विमानेच उतरू शकतात. कोचीहून जहाजाने गेल्यास चौदा ते अठरा तास लागतात. शिवाय प्रवेशपरवाना आवश्यक.

हे सारे अडथळे सरकारी अनास्थेमुळे आहेत, असे मानणे घाईचे ठरेल. प्रवाळाच्या या बेटांवर नदी नाही, ओढा नाही. पावसाचे मुरलेले गोडे पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगत असते. उपसा वाढला की विहिरी खारावतात. राजधानी कवरत्ती येथे २००५ मध्ये समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प उभारण्यात आला. त्याची क्षमता दिवसाला एक लाख लिटर. गावाची वस्ती अकरा हजारांवर, म्हणजे माणशी नऊ लिटर. हॉटेलातील एका स्नानाला किती पाणी लागते, याचा हिशेब वाचकांनीच करावा. जे पाहण्यासाठी तेथे जायचे, त्या प्रवाळाची स्थितीही बिकट आहे. १९९८, २०१० आणि २०१६ च्या उष्णतेच्या तडाख्यांनंतर २०२४ मध्ये पुन्हा प्रवाळ पांढरे पडले. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या अभ्यासानुसार चोवीस वर्षांत तेथील जिवंत प्रवाळाचे आच्छादन जवळपास निम्म्यावर आले. विकास प्राधिकरणाच्या मसुद्याविरुद्ध २०२१ मध्ये बेटवासीयांनी केलेल्या आंदोलनाकडे या पार्श्वभूमीवर पाहायला हवे. जमीन इतकी थोडी असेल, तर ती जाण्याची भीतीही तितकीच मोठी असते.

मालदीवने हा प्रश्न पैशाने सोडवला, असे म्हटले जाते. एका बेटावर एकच रिसॉर्ट. पाणी व वीज ज्याची त्याने निर्माण करायची. पाहुण्यांची सोय उत्तम होते. पण रिसॉर्टांचा कचरा थिलाफुशी नावाच्या बेटावर साचत गेला आणि डिसेंबर २०१४ मध्ये राजधानी मालेतील जलप्रकल्पाला आग लागली, तेव्हा भारतालाच विमाने व जहाजांतून पिण्याचे पाणी धाडावे लागले. ही व्यवस्था लक्षद्वीपमध्ये जशीच्या तशी आणण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी तो डिसेंबर आठवावा.

मग मराठी कुटुंबाने जावे कुठे? आजी-आजोबा व मुले बरोबर असतील, तर अंदमान हेच उत्तर अधिक व्यवहार्य दिसते. तेथे मोठी विमाने उतरतात, निवासाची सोय सर्व दरांत होते आणि सावरकरांच्या कोठडीमुळे सेल्युलर जेलशी आपले नाते केवळ सहलीपुरते नाही. अर्थात पोर्ट ब्लेअर, म्हणजे सप्टेंबर २०२४ पासूनचे श्री विजयपुरम, येथेही उन्हाळ्यात नळाला पाण्याची टंचाई भासते. तेव्हा हिवाळा बरा. लक्षद्वीपला जायचेच असेल, तर तेही ऑक्टोबर ते एप्रिल या काळात, आणि परवाना हाती आल्याशिवाय विमानाचे तिकीट काढू नये.