न चावणारा बूट

धरमपेठेतील एक सेवानिवृत्त शिक्षक गेल्या हिवाळ्यात तपासणीसाठी आले होते. दिवाळीला घरी आलेल्या मुलाने त्यांच्यासाठी चेल्सी पद्धतीचे बूट आणले होते. नाडी नाही, फार वाकावे लागत नाही, घोट्याच्या दोन्ही बाजूंना ताणले जाणारे इलॅस्टिक. अंबाझरीच्या पहाटेच्या फेरीसाठी भेट मोठ्या प्रेमाने निवडलेली होती. सूनबाईंनी पहिल्याच दिवशी विचारले, "बाबा, बूट चावत नाहीत ना?" "मुळीच नाही," असे उत्तर मिळाले. आठवड्याभरात मोज्यावर रक्ताचा डाग दिसला. करंगळीच्या कडेला जखम झाली होती आणि त्यांना तिचा पत्ताही नव्हता. पंधरा वर्षांच्या मधुमेहाने पायाची संवेदना मंदावली होती. बूट चावत होता; पायाला ते कळत नव्हते.

ही गोष्ट वैद्यकशास्त्राला प्रथम कुष्ठरुग्णांनी शिकविली. वेल्लोर येथे काम करणारे शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की कुष्ठरुग्णांच्या पायांवरील बहुतेक जखमा वेदनाच जाणवत नसल्यामुळे होतात. बधिर पायावर वारंवार पडणारा दाब आणि घर्षण हेच त्यांचे कारण. यातूनच अशा पायांसाठी मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या, म्हणजे 'एमसीआर'च्या चपला रूढ झाल्या. वरोऱ्याचे आनंदवन आणि वर्ध्याजवळचे दत्तपूर यांमुळे कुष्ठसेवेची ओळख असलेल्या विदर्भाला हे नवे नाही. आज त्याच चपला मधुमेहींनाही सुचविल्या जातात.

म्हणून बूट घेण्यापूर्वी घरी एक साधी परीक्षा करावी. आजी-आजोबांना डोळे मिटण्यास सांगावे. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकांना आपल्या बोटाने एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करावा, दाबू नये. सहापैकी दोन किंवा अधिक स्पर्श जाणवले नाहीत, तर संवेदना कमी झाली आहे असे समजून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि त्यानंतरच पादत्राण निवडावे.

आता मापाविषयी. 'बाबांचा आठ नंबर' हे दहा वर्षांपूर्वीचे ज्ञान उपयोगाचे नाही. वयानुसार पायाचे अस्थिबंध सैल पडतात, कमान खचते आणि पाय लांब व रुंद होतो. संध्याकाळी पाय किंचित सुजलेले असतात; माप तेव्हाच घ्यावे. कागदावर उभे करून दोन्ही पायांची बाह्यरेषा काढावी. बुटातील आतली गादी काढून त्या आकृतीवर ठेवावी. रेषा कोठेही गादीबाहेर जात असेल, तर तो बूट अरुंद आहे. दोन पायांत फरक असल्यास मोठ्या पायाचे माप धरावे. उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा असावी. ते बोट अंगठाच असेल असे नाही. टाच चालताना घसरू नये.

चेल्सी बुटाची सोय हीच त्याची मर्यादाही आहे. नाडीचा बूट सूज आली की सैल करता येतो, इलॅस्टिकचा करता येत नाही. अर्ध्या तासाने काढल्यावर घोट्यावर खोल वळ उमटला असेल, तर तो परत करावा. ज्यांचे पाय रोज सुजतात त्यांनी रुंद पट्ट्याची, वेल्क्रोची पादत्राणेच वापरावीत. तळ रबराचा आणि खाचांचा असावा. गुळगुळीत चामडी तळ फरशीवर घसरतो. टाच बसकी आणि रुंद असावी. घालताना खुर्चीवर बसावे आणि लांब दांड्याचे शूहॉर्न वापरावे.

चामड्याचा विचार त्यानंतर. शेळीचे चामडे पातळ व मऊ असते, म्हशीचे जाड व ताठ. वरचा मूळ थर न घासता ठेवलेले चामडे टिकते आणि पायाच्या आकारास जुळवून घेते. स्वेड मऊ असते, पण त्यावर डाग चटकन पडतात. रेक्झिनमध्ये घाम कोंडतो. आत हात फिरवून पाहावा. बोटांजवळ जाड शिवण लागता कामा नये. "वापरून सैल होईल" हे दुकानातील आश्वासन बधिर पायासाठी घातक आहे. चामडे रुंदीत थोडे देते, लांबीत मुळीच नाही.

बाभळीच्या सालीने व हिरड्याने कमावलेली कोल्हापुरी आपल्या अभिमानाची आहे. परंतु तिचा अंगठा घासतो आणि टाच मोकळी राहते, म्हणून संवेदना हरवलेल्या पायाला ती नको. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. तेव्हा बंद बुटाऐवजी पुढून झाकलेली, मागे पट्टा असलेली सँडल बरी. मात्र तापलेल्या फरशीवर अनवाणी जाऊ नये, देवळाच्या प्रांगणातही नाही.

नवा बूट पहिल्या दिवशी तासभरच घालावा. काढल्यावर पाय उजेडात तपासावा. लाली अर्ध्या तासात गेली नाही, तर तो बूट पुन्हा घालू नये. रोज घालण्यापूर्वी आत हात घालून खडा, खिळा पाहावा.

आमच्या शिक्षकांची जखम दोन महिन्यांनी भरली. आता सूनबाई "चावतो का?" असे विचारीत नाहीत. रोज संध्याकाळी त्या स्वतः त्यांचे पाय पाहतात.