पठित गुण, अपठित परीक्षा

‘सरावात सहाशेच्या वर होता, ऐन परीक्षेत घाबरला.’ ‘नीट’चा निकाल लागला की उमरग्यापासून परंड्यापर्यंत हेच वाक्य ऐकू येते. आमचा या वाक्यालाच आक्षेप आहे. त्यात कर्ता विद्यार्थी आणि दोषीही विद्यार्थीच. सराव परीक्षा घेणारा त्यात कुठेच नाही.

आम्ही मराठी शिकवतो. घोटून घेतलेल्या धड्यावर पैकीच्या पैकी गुण मिळवणारा विद्यार्थी अपठित उताऱ्यावर अडखळला, तर तो घाबरला असे कोणी म्हणत नाही. शिकवणीवर्गाची सराव परीक्षा बहुधा पठित उताराच असते. जो शिकवतो तोच प्रश्न काढतो, तेही ठरावीक संचांतून आणि नुकत्याच झालेल्या भागावर. अशा गुणांतून स्मरण कळते, आकलन कळतेच असे नाही. परीक्षेची भीती खोटी नाही. पण प्रत्येक घसरणीचे खापर तिच्यावर फोडणे सोयीचे आहे, इतकेच.

शिवाय गुण म्हणजे स्थान नव्हे. २०२४च्या ‘नीट’मध्ये ७२०पैकी ७२० गुण मिळवणारे सुधारित निकालानंतरही १७ होते. २०२५मध्ये देशात पहिला आलेल्याला ६८६ गुण होते आणि खुल्या प्रवर्गाची पात्रतारेषा १६२वरून १४४वर उतरली. वर्षभरात देशभरची मुले मठ्ठ झाली नाहीत; प्रश्नपत्रिका, विशेषतः भौतिकशास्त्राची, कठीण होती. मग सोप्या पत्रिकेवरचे सहाशे कोणत्या भरवशाचे?

हा प्रश्न केवळ मोजमापाचा नाही. २०२०मध्ये वैद्यकीय प्रवेशातले ७०:३० हे प्रादेशिक सूत्र रद्द झाले. २०२२मध्ये आमच्या जिल्ह्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. पण तिथल्या राज्य कोट्याच्या जागांसाठीही आता राज्यभरच्या मुलांशी स्पर्धा आहे. अशा वेळी ‘सहाशे येत होतेच’ या समजुतीवर सोयाबीनचे पैसे मोडून मुलाला आणखी एक वर्ष लातूरला ‘रिपीट’साठी ठेवले जाते. सरावातला फुगलेला आकडा असा दुसऱ्या वर्षाचे शुल्क वसूल करून देतो.

आमची मागणी साधी आहे. चौकातल्या फलकांवर मूठभर यशस्वी चेहरे झळकवणाऱ्या वर्गांनी सर्व विद्यार्थ्यांचे सरावातले आणि प्रत्यक्षातले गुण, नावे वगळून, शेजारीशेजारी जाहीर करावेत. सराव परीक्षांच्या प्रश्नपत्रिका बाहेरच्या शिक्षकांकडून काढून घ्याव्यात. आणि पालकांनी शुल्क भरण्यापूर्वी या दोन्ही गोष्टी मागाव्यात. ज्या वर्गाला त्या देता येत नाहीत, त्याने विद्यार्थ्याच्या भित्रेपणावर बोलू नये.