निकाल लागले, अंमल कोणी करावयाचा?

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण ज्या महाराष्ट्रात रूढ झाली, त्याच महाराष्ट्रात रस्त्यातला खड्डा बुजावा आणि मुलाला शाळेत जागा मिळावी, एवढ्यासाठीही नागरिकाला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. ही स्थिती शासनास खचितच भूषणावह नाही. २०२४ व २०२५ या दोन वर्षांत मुंबई उच्च न्यायालयाने दिलेले काही निकाल एकत्र ठेवून पाहिले, म्हणजे विषय भिन्न असूनही त्यांतून एकच प्रश्न समोर उभा राहतो. न्यायालयाने सांगावे आणि शासनाने ऐकून घ्यावे, एवढ्याने न्याय होतो काय?

काही निकाल स्वतःच्या बळावर उभे राहतात. सरकारी वा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या खाजगी विनाअनुदानित शाळांना दुर्बल घटकांतील मुलांसाठी २५ टक्के जागा राखण्याच्या बंधनातून मोकळे करणारी अधिसूचना राज्य सरकारने ९ फेब्रुवारी २०२४ रोजी काढली. न्यायालयाने ती १९ जुलैला रद्द ठरविली. केंद्राच्या कारभाराविषयीचा समाजमाध्यमांवरील कोणता मजकूर खोटा, हे केंद्रानेच नेमलेल्या कक्षाने ठरवावे, अशी नियमदुरुस्ती २०२३ साली झाली होती. तिच्याविषयी जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचे मतभेद झाले. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांच्या मताने सप्टेंबरमध्ये तीही रद्द झाली. आपल्याच कारभाराचा निवाडा आपणच करावा, ही सत्तेची हौस वेळीच रोखली गेली, याचे आम्ही स्वागत करतो. परंतु येथे सरकारने काही करावयाचे नव्हते. केवळ थांबावयाचे होते. ‘करू नका’ हा आदेश पाळणे त्यामानाने सोपे असते.

खरी परीक्षा ‘करा’ या आदेशाची. मुंबईतील खड्ड्यांची याचिका न्यायालयाने २०१३ साली आपण होऊन दाखल करून घेतली. त्यानंतर आदेशामागून आदेश निघाले, पावसाळ्यामागून पावसाळे गेले आणि खड्डे जागच्या जागी राहिले. अखेर १३ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे व संदेश पाटील यांनी, खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू आल्यास कुटुंबास ६ लाख रुपये आणि जखमीस ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई देण्याचे फर्माविले. ही रक्कम पुढे जबाबदार अधिकाऱ्यांकडून व कंत्राटदारांकडून वसूल करावी, असेही बजाविले. बारा वर्षे खड्डा बुजविण्याचा हुकूम करून थकलेल्या न्यायालयावर अखेर खड्ड्यात पडणाऱ्याच्या जिवाचे मोल ठरविण्याची वेळ यावी, याहून विदारक असे कारभाराचे चित्र कोणते असेल? ध्वनिक्षेपकांची कथा वेगळी नाही. २०१६ साली सविस्तर निकाल देऊनही, ध्वनिक्षेपक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नव्हे आणि तक्रारदाराचे नाव उघड न करता पोलिसांनी कारवाई करावी, हे २३ जानेवारी २०२५ रोजी न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले. मंडप कोणाचा आणि मनोरा कोणाचा हे पाहून कायदा वापरला जाऊ लागला, की तो कायदा राहत नाही.

याहून गंभीर आहे तो तिसऱ्या प्रकारचा निकाल. ११ जुलै २००६ च्या सायंकाळी पश्चिम रेल्वेच्या उपनगरी गाड्यांत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे प्राणांस मुकली. २०१५ साली विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवून पाच जणांना मृत्युदंड व सात जणांना जन्मठेप सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरविले. कबुलीजबाब विश्वसनीय नव्हते, ओळखपरेड सदोष होती, स्फोटके नेमकी कोणत्या प्रकारची हेही सिद्ध झाले नव्हते. तीनच दिवसांनी, हा निकाल पूर्वदाखला म्हणून मानू नये, एवढ्यापुरती स्थगिती सर्वोच्च न्यायालयाने दिली. सुटलेल्यांना मात्र पुन्हा तुरुंगात धाडले नाही.

कायद्याच्या अंगाने या निकालाचे पुढे काहीही होवो. त्याने काढलेला प्रश्न मिटत नाही. हे बारा जण निर्दोष असतील, तर त्यांच्या आयुष्याची एकोणीस वर्षे कोणी नासली? आणि मग ते स्फोट केले कोणी? चुकीच्या माणसाला शिक्षा झाली म्हणजे खरा गुन्हेगार निर्धास्त होतो. त्या संध्याकाळी घरी न परतलेल्यांच्या आईवडिलांना असल्या तपासाने काय दिले? आणि खालच्या न्यायालयात नऊ वर्षे व अपिलात दहा वर्षे घालविणाऱ्या न्यायव्यवस्थेलाही या प्रकरणी आपले हात झटकता येणार नाहीत.

न्यायालये कार्यकारी सत्तेत ढवळाढवळ करतात, अशी तक्रार सत्ताधाऱ्यांकडून नेहमी ऐकू येते. तीत तथ्य नाही असे नाही. खड्डे मोजणे हे न्यायमूर्तींचे काम नव्हे. परंतु ज्याचे ते काम आहे त्याने ते केले असते, तर याचिका आलीच कशाला असती? आमची सूचना साधी आहे. उच्च न्यायालयाने दिलेले निर्देश, ते पाळण्यास जबाबदार असलेला अधिकारी आणि प्रत्यक्षात झालेली कारवाई, यांचा तक्ता सरकारने दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवावा. आणि मोठ्या खटल्यात आरोपी निर्दोष सुटले, म्हणजे केवळ अपील करून न थांबता, तपास कोठे व कोणाकडून बिघडला याची स्वतंत्र चौकशी करावी.

रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितले, याचा महाराष्ट्राला अभिमान वाटतो. पण ते प्रायश्चित्त कोणी घेतले नाही आणि शास्त्रीबोवांनीच पुणे सोडले, हा त्या कथेचा उत्तरार्ध आपण सोयीने विसरतो. निर्भीड न्यायाधीश महाराष्ट्राला तेव्हाही लाभले आणि आजही लाभले आहेत. त्यांचा निकाल शिरोधार्य मानून तो अंमलात आणणारे शासन मात्र अजून मिळावयाचे आहे.