तरण तलाव धुतला, नाल्यात ॲसिड सोडलं. आता पाच प्रश्नांची उत्तरं द्या!

मंडळी, पोस्ट मोठी आहे, पण पूर्ण वाचा. नुसता अंगठा देऊन पुढं सरकू नका.

आपल्या नगरपालिकेचा तरण तलाव गेल्या आठवड्यात तळापर्यंत रिकामा केला. कारण सांगितलं "वार्षिक स्वच्छता". मग ॲसिड टाकून घासला आणि ते ॲसिडचं पाणी मागच्या नाल्यात सोडलं. त्याच आठवड्यात गावातल्या निम्म्या वॉर्डांना नळ आला नवव्या दिवशी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं मला नगरपालिकेत हसत हसत सांगण्यात आलं. संबंध आहे की नाही ते तुम्हीच ठरवा.

आधी हिशेब. तलाव 25 मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद, सरासरी खोली दीड मीटर. गुणाकार करा. साधारण 4 लाख 70 हजार लिटर होतात. दहा हजार लिटरचे 47 टँकर. शहरी पाणीपुरवठ्याचा सरकारी निकष माणशी दिवसाला 135 लिटरचा आहे. त्या हिशेबाने साडेतीन हजार माणसांचं एका दिवसाचं पाणी. (135 लिटर तुमच्या घरी कधी आलं होतं, असं कमेंटमध्ये विचारू नका. मलाही माहीत नाही.)

अजून एक आठवण देतो. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. देशभरातले कॅमेरे स्टेशनवर होते. त्या पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि पाणी होतं सुमारे पाच लाख लिटर. म्हणजे अख्ख्या लातूरने जेवढ्या पाण्याची वाट बघितली, जवळपास तेवढं आपण एका दुपारी गटारात सोडलं. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने मैदानांना लागणाऱ्या पाण्याचा विषय ऐकून आयपीएलचे पुढचे सामने राज्याबाहेर हलवायला लावले होते. आपल्याकडे साधा ठरावसुद्धा लागला नाही. व्हॉल्व्ह फिरवला, झालं.

"अहो, ते बोअरचं पाणी आहे, नळाचं नाही," हे उत्तर तयारच असतं. बोअरचं पाणी काय नगरपालिकेच्या खिशातून येतं? तलावाच्या मागच्या गल्लीतले हातपंप ज्या जमिनीतून पाणी ओढतात, त्याच जमिनीतून ते येतं. आणि जेवढं सोडलं तेवढं आता परत भरायचंय, तेही भर उन्हाळ्यात.

आता मुद्द्याचं. तलाव पूर्ण रिकामा करायची गरज होती का? वाळूचा फिल्टर रोज चालवला, तो वेळच्या वेळी उलट्या पाण्याने धुतला, क्लोरीनचं प्रमाण आणि पाण्याचा पीएच रोज तपासला, तळाचा गाळ व्हॅक्यूमने ओढला, तर तलावाचं पाणी वर्षानुवर्षं चालतं. बाष्पीभवनाने क्षार वाढतात, हे खरं. त्यासाठी अधूनमधून थोडं पाणी बदलतात, सगळं नाही. आपल्या तलावाचं पाणी हिरवं का झालं? कारण फिल्टरची मोटर दिवाळीपासून बंद आहे. मोटर दुरुस्तीचं बिल लहान असतं, "संपूर्ण स्वच्छते"चं बिल मोठं असतं. पुढचं तुम्ही समजून घ्या.

ॲसिडने टाइल्सवरचा क्षाराचा पांढरा थर निघतो, हे मान्य. पण जे ॲसिड क्षार खातं तेच टाइल्सच्या मधलं सिमेंटही खातं. दरवर्षी ॲसिडने घासलं की सांधे पोकळ होतात, टाइल्स सुटतात, गळती लागते. मग टाइल्सचं टेंडर निघतं. ॲसिडची धुलाई हा शेवटचा उपाय आहे. आपल्याकडे तो वार्षिक सण झालाय.

काळ्या मातीत तलाव रिकामा ठेवणं हा आणखी एक शहाणपणा. भरलेल्या तलावात 470 टन वजन असतं, ते तलावाला जमिनीत दाबून धरतं. रिकामा झाला, वळवाचा जोरदार पाऊस आला आणि खालची माती फुगली, की जमिनीतलं पाणी तोच तलाव खालून उचलायला बघतं. तळाला तडे जातात. हे कुठल्याही स्थापत्य अभियंत्याला विचारा. आपल्या अभियंता साहेबांना विचारलं, तर त्यांनी फोन ठेवला.

आणि माणसं? त्यांच्याबद्दल तर कुणी बोलतच नाही. ठेकेदाराची चार पोरं तलावात उतरली होती. पायात स्लीपर, तोंडाला रुमाल, हातात खराटा. बूट नाहीत, रबरी हातमोजे नाहीत, चष्मा नाही, मास्क तर विसराच. ॲसिडची वाफ जड असते, ती खोल भागात साचून राहते. शेजारीच ब्लीचिंग पावडरची पोती उघडी पडलेली. या दोन गोष्टी एकत्र आल्या की क्लोरीन वायू होतो. 1915 साली पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला होता तो हाच. एक पोरगा काठावर बसून खोकत होता. विचारलं तर म्हणाला, "दादा, रोजचंच आहे." फोटो माझ्याकडे आहेत. पोरांचे चेहरे दिसतात आणि उद्या त्यांचीच रोजी जाईल, म्हणून टाकत नाही.

नाल्याबद्दल कायदा स्पष्ट आहे. 1974 च्या जलप्रदूषण कायद्याचं कलम 24 वाचा. सोडायच्या सांडपाण्याचा पीएच साडेपाच ते नऊच्या मध्ये हवा, असाही नियम आहे. हे ॲसिड धुण्याच्या सोड्याने आधी मारता आलं असतं. सोडा किराणा दुकानात मिळतो. तेवढेही कष्ट घेतले नाहीत. एखाद्या कारखान्याने हेच केलं असतं, तर त्याच नगरपालिकेने नोटीस काढून पेपरला बातमी दिली असती.

काही जण म्हणतील, याला तलावच बंद पाडायचाय. अजिबात नाही. उन्हाळ्यात विहिरीत आणि खाणीत बुडून गेलेल्या पोरांच्या बातम्या मी वीस वर्षं लिहितोय. पोरांना पोहायला शिकवणारा तलाव गावात हवाच. म्हणून तर तो नीट चालवा म्हणतोय.

तर मुख्याधिकारी साहेब, पाच प्रश्न:

1. तलाव रिकामा करायची परवानगी लेखी कुणी दिली?
2. फिल्टरची मोटर किती महिने बंद आहे आणि देखभालीचं बिल कुणाला, किती निघालं?
3. ॲसिड किती आणलं आणि नाल्यात सोडण्याआधी पीएच कुणी तपासला?
4. कामगारांच्या सुरक्षा साहित्याची अट ठेक्यात आहे का? असेल तर साहित्य कुठे आहे?
5. तलाव आता कुठल्या पाण्याने भरणार?

माहिती अधिकारात अर्ज टाकतोय. नियमाने 30 दिवसांत उत्तर यायला हवं. आलं तर जसंच्या तसं इथे टाकेन, नाही आलं तर तेही टाकेन. सोमवारी सकाळी 11 वाजता नगरपालिकेत लेखी निवेदन द्यायला जातोय. ज्यांच्या घरी नवव्या दिवशी नळ येतो त्यांनी या. मोर्चा नाही, घोषणा नाहीत. फक्त सही करायची आहे, पेन आणा.